हाडांची फौज

"काका, झालं का ठरवून? फळ्यावर नाव चढवायचंय," खडू बोटांत फिरवत अल्पेश म्हणाला.

 रावजी समोरच्या चहाकडे बघत होते. चहा त्यांनी मुद्दाम अर्धा कप मागितला होता आणि तोही अजून उचलला नव्हता. उजवा हात टेबलाखाली, मांडीवर होता आणि डाव्या हाताने त्याचं मनगट घट्ट दाबून धरलं होतं. पकडलेल्या चोरासारखं.

उरणच्या बाजारात, हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर ही खोली. दर रविवारी दुपारी इथे दहा-बारा जण जमत, टेबलावर थर्माकोलचे डोंगर आणि पडके बुरूज मांडत आणि अंगठ्याएवढ्या शिपायांच्या फौजा एकमेकांवर घालत. फासे टाकायचे, टेपने अंतर मोजायचं, मग चाल करायची. सगळी नोकरीधंद्याची माणसं. न्हावा शेव्याला कंटेनरची कागदपत्रं करणारा अल्पेश त्यांचा म्होरक्या आणि त्याच्याच ऑफिसात रावजींची मुलगी प्राप्ती. आज तिने बापाला हमरापुराहून अक्षरशः ओढून आणलं होतं. बाप-लेकीने मिळून एक फौज घ्यायची, खेळायचं तिने आणि रंगवायचं बापाने, असा बेत होता. बेत अर्थातच तिचा एकटीचा.

"घाई नाही," अल्पेश म्हणाला आणि लगेच घाई केली. "पण एकदा नाव लागलं की वर्षभर बदलता येत नाही हां. रूल आहे आपला."

टेबलावर तीन खोकी उघडी होती. पहिल्यात एल्फ, म्हणजे रानातले तिरंदाज. लांब कानांचे, देखणे, तांदळाच्या दाण्याएवढे चेहरे. दुसऱ्यात ऑर्क, जाडजूड राक्षस, डोळे वटारून दात विचकणारे. तिसऱ्यात नुसते सांगाडे, हातांत गंजक्या तलवारी घेतलेले.

"बाबा, हे बघा ना," प्राप्तीने एक तिरंदाज उचलून त्यांच्या नाकासमोर धरला. "काय नाजूक चेहरा आहे! मी ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवलंय, माझ्या बाबांनी एकतीस वर्षं गणपतीचे डोळे आखलेत. याचे डोळे आखावेत तर तुम्हीच."

खोलीतल्या सगळ्यांनी माना वर केल्या. रावजींनी टेबलाखालचं मनगट आणखी आवळलं.

खोटं काहीच नव्हतं त्यात. हमरापूरच्या कारखान्यात साचा काढणारे, घासणारे, रंग फवारणारे पुष्कळ होते. डोळ्यांची आखणी मात्र रावजींची. ते मूर्तीसमोर मांडी घालून बसले की कुणीतरी उठून पंखा बंद करी, रेडिओ बंद करी आणि पोरंटोरं गप्प होत. मग करंगळी मूर्तीच्या गालाला टेकवून रावजी अर्धा श्वास सोडत आणि एका ओढीत वरची पापणी उतरत असे. इतकी वर्षं तो हात कधी चुकला नाही, आणि दोन वर्षांपूर्वी एका सकाळी चुकला. पापणी पुसून पुन्हा काढली, तर पुन्हा रेघ थरथरली. तिसऱ्यांदा त्यांनी ब्रश लावलाच नाही. मालक काही बोलला नाही, आणि तेच रावजींना जास्त लागलं. घरी येऊन त्यांनी सांगितलं, गुडघे धरतात, मांडी घालून बसवत न्हाय. त्या दिवसापासून ते ओटीवर बसून होते आणि घरात कुणाशी धड बोलत नव्हते.

प्राप्तीने त्या गुडघ्यांवर बरोबर तोड काढली होती. "खुर्चीवर बसून करायचं काम आहे, बाबा," म्हणाली होती. लेक हुशार निघाली की बापाची पंचाईत होते ती अशी.

"ही घ्या," रावजी एकदम म्हणाले आणि डाव्या हाताने तिसरं खोकं पुढे ओढलं.

"स्केलेटन?" प्राप्ती बघतच राहिली. "बाबा, गणपती रंगवणाऱ्याच्या घरात मढ्यांची फौज? आईला काय सांगू मी?"

"काय सांगाचं? मला ही आवडली."

"पण यांना काही नाहीच! ना चेहरा, ना डोळे. यात तुमचं काम काय राहिलं?"

"मी निवडाचं असं तूच बोललीस ना? मग?"

 गेला महिनाभर प्राप्ती त्या तिरंदाजांचे फोटो फोनवर बघत होती, हे रावजींना ठाऊक होतं. हातातला तिरंदाज तिने सावकाश खोक्यात परत ठेवला. तिचा पडलेला चेहरा बघून रावजींना स्वतःची चीड आली. पण त्याहून मोठं होतं ते सुटल्यासारखं वाटणं. सांगाड्यांच्या डोळ्यांच्या जागी खोबणी होत्या. तिथे काळा रंग सोडला की झालं, हात कापला काय नि न कापला काय.

अल्पेशने फळ्यावर लिहिलं, 'रावजी आणि प्राप्ती: सांगाडे'. दोघा-चौघांनी टाळ्या वाजवल्या. रावजींनी तेवढ्यात डाव्या हाताने चहा पिऊन टाकला.

"चला, आता सरदार," खडू झटकत अल्पेश म्हणाला.

"कसला सरदार?"

"फौजेचा. तो पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर रंगवायचा. बाकीचे घरी, सावकाश. सरदार रंगल्याशिवाय फौज टेबलावर उतरत नाही." त्याने खोक्याच्या तळातून एक पुडी काढली आणि त्यातली मूर्ती रावजींसमोर उभी केली. "ही तुमची. जादूगारीण. मेलेल्यांना हीच उठवते. सगळ्या फौजेत ही एकटी जिवंत."

डोईवरचा पदर मागे सरकलेली, बोटभर उंचीची बाई होती ती. तिला कपाळ होतं, गाल होते आणि दोन डोळे होते. रंगाविना कोरे.

"बघा!" प्राप्तीची कळी एकदम खुलली. तिने पर्समधून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. "तुमचाच आणलाय. ट्रंकेतून काढला, रागावू नका."

तो रावजींचा आखणीचा ब्रश होता. घरात त्याला कुणी हात लावत नसे.

खुर्च्या सरकल्या. सगळे भोवती जमले. कुणी दिवा जवळ ओढला, कुणी काळ्या रंगाची बाटली उघडली, एकाने फोन वर धरला. "व्हिडिओ काढतो काका, चालेल ना?" डोक्यावर पंखा खडखडत होता. उठून निघून जावं असं रावजींना फार वाटलं. पण जिना खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला होता आणि मध्ये ही सगळी माणसं, त्यांत त्यांची लेक, डोळ्यांत केवढं तरी कौतुक घेऊन उभी.

त्यांनी उजवा हात टेबलावर घेतला. ब्रश रंगात बुडवला. करंगळी टेकवायला मूर्तीला गाल पुरेना, म्हणून ती टेबलाला टेकवली. अर्धा श्वास सोडला. ब्रशचं टोक कापू लागलं. ते थांबावं म्हणून त्यांनी बोटं आवळली, तर ते जास्तच कापलं आणि काळा थेंब बाईच्या हनुवटीवर पडला.

 फोन धरलेल्या माणसाला काही कळेना.

प्राप्तीने त्या हाताकडे बघितलं. मग अर्धाच मागवलेल्या चहाच्या रिकाम्या कपाकडे, मग सांगाड्यांच्या खोक्याकडे. तिच्या तोंडाचा रंगच उतरला.

"गुडघे?" तिने हळूच विचारलं.

"गुडघे बरे हायत."

"फोन खाली ठेव," प्राप्ती त्या माणसावर जवळजवळ ओरडलीच.

"काका, राहू द्या," अल्पेश घाईघाईने म्हणाला. "रूल काय, आपणच केलेला. तुम्हाला सूट."

"न्हाय," रावजी म्हणाले. "रूल तो रूल."

त्यांनी फडक्याच्या कोपऱ्याने बाईची हनुवटी पुसली. दोनदा पुसली, अगदी स्वच्छ होईपर्यंत. मग ब्रश प्राप्तीसमोर धरला. तो हवेत कापत होता, आता सगळ्यांना दिसेल असा.

"धर."

"बाबा, मला नाही येत."

"मला तरी पयल्या दिवशी कुठं येत व्हतं? बस इथं. करंगळी टेकव. दाबू नको, नुसती टेकव. वरची पापणी आधी. श्वास घे... आता अर्धा सोड. थांब, थांब, लावू नको."

ते उठले. भोवतीच्या माणसांतून वाट काढत दारापाशी गेले आणि पंख्याचं बटण बंद केलं. खडखड मंदावत गेली, थांबली. खाली बाजारात एक ट्रेलर मागे येत होता, त्याचा आवाजही जाईपर्यंत रावजी थांबले.

"हां. आता."

प्राप्तीने एका ओढीत रेघ उतरवली. भोवतालच्या माणसांनी एकदम श्वास सोडला. कुणीतरी "वा!" म्हणालं. दारापासून रावजींना ती रेघ काही दिसत नव्हती. दिसत होती ती लेकीची पाठ आणि टेबलाला टेकलेली करंगळी, न हललेली.

"काका, लावा आता पंखा, फार उकडतंय," अल्पेश म्हणाला.

रावजींनी बटणावरचा हात काढला नाही.

"थांब जरा. अजून एक डोळा हाय."