उजव्या टोकाची खुर्ची

बसून बोलायची सोय माझ्याकडे नाही, म्हणून उभ्याउभ्याच सांगतो. मी ट्रायपॉड बोलतोय. कॅमेऱ्याखालचे तीन पाय, तो मी. मी कधी फोटोत दिसत नाही, आणि त्याचं मला कधी वाईटही वाटलं नाही. वाईट वाटतं ते दुसऱ्याच एका माणसाचं.

माझा जन्म कारखान्यातला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. माझी खरी गोष्ट दुकानात सुरू झाली. आम्ही भावंडं भिंतीला टेकून रांगेत उभी होतो. एक दिवस एक फोटोवाले आले, सोबत त्यांची बायको. ती कपडे शिवायची. अख्खी गल्ली तिला मामी म्हणायची, पुढे मीही म्हणू लागलो. फोटोवाल्यांचं काम लांबलचक फोटोंचं. अख्खी शाळा, कारखान्याचे सगळे कामगार एका फोटोत कुठले मावायला? मग कॅमेरा डावीकडून उजवीकडे थोडाथोडा वळवत ओळीनं फोटो घ्यायचे आणि घरी कॉम्प्युटरवर ते एकमेकांना जोडायचे.

त्यांचा डोळा माझ्या थोरल्या भावावर होता. चांगला दणकट गडी, वाऱ्याला दाद न देणारा. मामीनं तो उचलून पाहिला आणि पुन्हा जागेवर ठेवला. म्हणाली, "अहो, आधी आपली कंबर बघा." आणि मला उचललं. दुकानदारानं बजावलं, की हा वजनाला हलका आहे, वारा असला की मधल्या हुकाला जड पिशवी अडकवा, नाहीतर थरथरेल.

"पिशवी कशाला? मी आहे ना," मामी म्हणाली.

झालं. मी त्यांच्या घरचा झालो.

काम शिकताना दोघांची काय जुंपायची म्हणून सांगू. आधी माझे पाय रोवायचे, मग माझ्या डोक्यावरच्या पाणसळीतला बुडबुडा मधोमध आणायचा. तो चुकला की जोडलेला फोटो उतरणीला लागतो. मग कॅमेरा पट्टीवर मागे सरकवायचा, म्हणजे वळताना त्याचं भिंग जागच्या जागी फिरतं. हे मामीला काही पटेना. फोटोवाल्यांनी तिला नाकासमोर बोट धरायला लावलं, एक डोळा मिटून मान वळवायला सांगितली. बोट मागच्या कपाटावरून सरकलं तशी ती हसली. म्हणाली, "म्हणजे मान वळली तरी डोळा हलता कामा नये. अवघडच आहे बाई तुमचं."

प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा थोडा भाग पुन्हा घ्यायचा, हे मात्र तिला न सांगता कळलं. शिवणीला कापडाची माया सोडतात, तसंच की हे, ती म्हणाली. जोडताना ती आत दुमडली जाते, बाहेर दिसत नाही.

मग वर्षानुवर्षं आमचा संसार असाच चालला. ते वर कॅमेऱ्यापाशी, मामी खाली उकिडवी बसून माझा पाय घट्ट धरून. उन्हात माझा पाय तापायचा, थंडीत गारठायचा. तेव्हा तिनं उरलेल्या कापडाची, कापूस भरलेली एक गुबगुबीत खोळ शिवली आणि त्या पायाला चढवली. वारा आला की तिचा आवाज यायचा, "घ्या, मी धरलंय." मगच ते बटण दाबायचे.

एकदा एका कारखान्यात एक टवाळ कामगार डाव्या टोकाला उभा होता. त्याचा फोटो झाल्यावर तो सगळ्यांच्या पाठीमागून पळत उजव्या टोकाला गेला आणि एकाच फोटोत दोनदा आला. मामी पोट धरधरून हसली. म्हणाली, लोक दोनदोनदा येतात आणि मी एकदाही नाही. गंमतच होती ती. पण फोटोवाल्यांना लागलं. खरंच, इतक्या फोटोंत तिचा एकही नव्हता. ते म्हणाले, पुढच्या वेळी तुझा. मग ती पुढची वेळ पुढेच जात राहिली.

शेवटी त्यांच्या लेकीला दूरदेशी नोकरी लागली. निघायच्या आदल्या दिवशी सगळे नातेवाईक गच्चीवर जमले. लेकीनं हट्टच धरला, आई आज फोटोत पाहिजे. उजव्या टोकाला खुर्ची मांडून तिनं मामीला हात धरून बसवलं. मामी लाजत होती, सारखी केस सारखे करत होती. "बाबा, तुम्ही?" लेकीनं विचारलं. ते म्हणाले, माझं राहू दे, आज मान तिचा.

त्या दिवशी मला कोण धरणार, हा विचार कुणाच्या डोक्यात आलाच नाही. कधी करावाच लागला नव्हता.

डावीकडून फोटो सुरू झाले. फोटो संपेपर्यंत हलायचं-बोलायचं नाही, म्हणून सगळे मान ताठ करून समोर बघत होते. शेवटून दुसऱ्या फोटोचं बटण दाबता दाबताच जोराचा वारा सुटला आणि मी डगमगलो. लगेच पायावर ओळखीचा हात पडला, खाली ओळखीचा आवाज आला, "घ्या, मी धरलंय."

आणि त्यांनी शेवटचा फोटो घेतला. इतक्या वर्षांची सवय ती. डोळा पाणसळीतल्या बुडबुड्यावर, बोट बटणावर. मामीनं धरलंय म्हटल्यावर ते निश्चिंत.

पाहुणे गेल्यावर फोटो जोडला. उजव्या टोकाला खुर्ची होती, रिकामी. लेक रडवेली झाली. मामी मात्र हसत म्हणाली, "अगं, पुढच्या खेपेला येशील तेव्हा काढू. मी कुठं पळून चाललेय?"

लेक आली ती मामीला पोचवायलाच. मशीनवर शिवता शिवता छातीत कळ आली, आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. भिंतीवर लावायला फोटो हवा होता. घरभर शोधलं. जगाचे फोटो त्या घरात होते, मामीचा नव्हता. शेवटी तिच्या ओळखपत्रावरचा टिकलीएवढा फोटो मोठा केला. तो तिच्यासारखा दिसतच नाही.

फोटोवाले मग जोडण्याआधीचे सुटे फोटो काढून बसले. शेवटून दुसऱ्या फोटोत, अगदी कडेला, मामी आहे. अर्धीच. खुर्चीतून उठताना, एक हात पुढे. पुढच्या फोटोत खुर्ची रिकामी होती, म्हणून जोडताना एवढा भाग आत गेला होता. फोटोवाल्यांनी तो छापून मशीनवर ठेवलाय. त्यांना वाटतं, ती त्यांच्याकडे बघतेय. मला माहीत आहे, ती माझ्या पायाकडे बघतेय. पण मी बोलत नाही. तेवढं तरी त्यांना असू दे.

परवा त्यांनी मला पुन्हा गच्चीवर नेलं. त्याच जागी खुर्ची मांडली, पाणसळ पाहिली, रिकाम्या गच्चीचे फोटो घेत उजव्या टोकापर्यंत आले. वारा आला. मी हललो. बटणावर बोट ठेवून ते थांबले. बराच वेळ थांबले. खालून आवाज आला नाही. मग ते गुडघे टेकून खाली बसले, खोळीवर जिथं तिचा हात असायचा तिथं हात ठेवला आणि मला घट्ट धरलं. आता वर कॅमेऱ्यापाशी कुणीच नव्हतं.

तेव्हापासून मी दाराआड उभा आहे. खोळ विरलीय, कापूस बाहेर येतोय, शिवणारं कुणी नाही. मला आता कुठं जायचंही नाही. एक मात्र मागतो. तुमच्या घरीही असं कुणी असेल, जे कायम खाली बसून काहीतरी धरून ठेवतं. त्या माणसाला आधी खुर्चीवर बसवा. वारा आला, मी कोसळतोय असं दिसलं, तरी तिला उठू देऊ नका. मला पडू द्या.