परग्रहावरचं लाल फडकं

"एवढा बलाढ्य शत्रू असा मरत नाही," मी वृंदाला सांगितलं आणि कागद तिच्या पुढ्यात सरकवले.

वयाच्या बासष्टाव्या वर्षी माझ्या बायकोने विज्ञानकथा लिहिली होती, बदलापूरच्या एका वाचनालयाच्या स्पर्धेसाठी. परग्रहावरून आक्रमक येतात. त्यांच्यापुढे तोफा चालत नाहीत, अणुबॉम्ब चालत नाहीत. पाऊण पृथ्वी भाजून निघते. आणि शेवटच्या पानावर एक शास्त्रज्ञ बटण दाबतो नि त्यांची सगळी यानं पटापटा खाली पडतात.

"का? दाबलं ना त्याने बटण," वृंदा म्हणाली.

"इतके दिवस कुठे होतं ते बटण? चाळीस प्रकाशवर्षं ओलांडून येणाऱ्यांना आपलं यान कशाने बंद पडतं हे ठाऊक नसेल? हा शत्रू हरलेला नाही. तुझी पानं संपत आली म्हणून तू त्याला मारलंस."

ती हसली. मला हसू आलं नाही. अंबरनाथच्या एका रसायन कारखान्यात मी सव्वीस वर्षं सेफ्टी ऑफिसर होतो. अपघात झाला की कारण शोधायचं आणि अहवाल लिहायचा. कोणाचंही पहिलं सांगणं खरं मानायचं नाही, याचाच मला पगार मिळायचा. निवृत्त झालो तरी खोड गेली नाही. दूधवाला जास्त हसला तर मी त्या दिवशीचं दूध तपासून घेतो.

"मग तुम्हीच सांगा, कसा हरेल?"

"असला शत्रू बाहेरून हरत नाही, आतून हरतो. एखादी बारकी, रोजची गोष्ट, एखाद्याची सवय, एखाद्याचा निष्काळजीपणा. ती शोध, म्हणजे वाचकाला पटेल."

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

चार दिवसांनी दुसरा खर्डा आला. आता शत्रूच्या यानाच्या पोटात वाफेची भट्टी होती. तिच्या झाकणाला असं कुलूप, की आत वाफ असेपर्यंत हँडल फिरायचंच नाही. त्यामुळे तिथल्या कामगारांच्या अंगात मुरलेलं, हँडल फिरलं म्हणजे वाफ नाही. मग एकदा कुलूप बिघडतं. भट्टी बंद ठेवायला वरिष्ठ तयार नसतात, म्हणून कुलपाला वायर जोडून ते निकामी करतात आणि हँडलला लाल फडकं बांधतात. फडकं दिसलं की आधी वाफेचा काटा बघायचा, मग झाकणाला हात लावायचा. पुढची पाळी येते तेव्हा फडकं नसतं. हँडल फिरतं आणि अजिंक्य यान आपल्याच वाफेने फुटतं.

शेवटी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'फडकं कोणी काढलं? ह्यांना विचारणे.'

ही फडक्याची पद्धत कुठल्या पुस्तकात सापडायची नाही. ती आमच्याच प्लँटमधल्या कामगारांनी पाडलेली. अकरा वर्षांपूर्वी अशाच झाकणाने कैलास नावाच्या ऑपरेटरचा उजवा हात भाजून कायमचा वाकडा झाला. अहवाल माझा होता. 'लाल फडकं बांधलेलं असतानाही ऑपरेटरचं दुर्लक्ष.' त्याची नोकरी गेली.

"ही फडक्याची भानगड तुला कोणी सांगितली?"

"सुचली," ती म्हणाली आणि मेथी निवडायला बसली.

सुचली म्हणे! वृंदा दर महिन्याला उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये जाते, पिशव्या शिवायला कापड आणायला. कैलासही तिथेच एका जीन्सच्या कारखान्यात लागला होता. म्हणजे त्याने तिचे कान भरले असणार. पण त्याला तरी काय माहीत होतं? त्या दिवशी मला कोणी पाहिलं होतं का? रात्रभर मी आठवत राहिलो.

सकाळी रिक्षा करून मी कॅम्प चार गाठलं. गाळ्यात मशिनी धडधडत होत्या. कैलास टेबलाशी डाव्या हाताने जीन्स उलटीसुलटी करून शिलाई तपासत होता. मला बघताच उठला आणि त्याने स्टूल पुसलं.

"साहेब, तुम्ही? बसा ना. सोनिया, साहेबांना कटिंग सांग."

"वृंदा भेटली होती तुला?" मी सरळच विचारलं.

"वहिनी? गेल्या महिन्यात आल्या होत्या. हात बघून रडायलाच लागल्या. मीच म्हटलं, जाऊ द्या आता."

"अपघाताचं काय सांगितलंस तिला?"

"काय सांगणार, साहेब? स्वतःची चूक काय मिरवायची?"

मी त्याच्या चेहऱ्यावर खोटं शोधलं. सव्वीस वर्षं तेच केलं होतं. सापडलं नाही.

तपासलेली जीन्स त्याने शेजारी काम करणाऱ्या सोनियाकडे सरकवली आणि ती तीच शिलाई पुन्हा तपासायला लागली.

"दोनदा कशाला?" मी विचारलं.

"कैलासभाऊंना स्वतःवर भरवसाच नाय," सोनिया म्हणाली. "एकदम ओके पीस पण मला दाखवतात. मैं बोलती हूं, भाऊ, तुमची नजर एक नंबर आहे. पण ऐकतच नाहीत."

कैलास ओशाळला. मग हळू आवाजात म्हणाला, "साहेब, ते फडकं केवढं लाल होतं! तरी मला दिसलं नाय. आजपण डोळे मिटले की ते हँडल दिसतं, पण त्याच्यावर फडकं नसतंच. मग आपल्या डोळ्यांचा काय भरवसा? नातीला घेऊन रस्ता ओलांडायचा झाला तर बायकोला सांगतो, तूच धर तिला."

मी चहा न पिताच उठलो.

घरी वृंदाने बटणांचा डबा काढून ठेवला होता. तिने त्याच्या तळातून एक लाल चिंधी काढली. ग्रीसचे डाग आणि गाठ तशीच होती.

"अपघाताच्या दिवशी धुवायला टाकलेल्या तुमच्या पँटच्या खिशात सापडली," ती म्हणाली. "आणि तुम्ही जो भेटेल त्याला सांगत होतात, की फडकं हँडललाच होतं."

"अकरा वर्षं गप्प बसलीस?"

"घाबरले होते. आधी तुमच्या नोकरीसाठी, मग सवयच झाली. गेल्या महिन्यात कैलासला बघितलं आणि माझी झोप उडाली. तुम्हाला सरळ विचारलं असतं तर तुम्ही माझीच उलटतपासणी घेतली असती. परग्रहावरचा अपघात मात्र मन लावून तपासलात."

मला तिचा भयंकर राग आला. तो पाच मिनिटं टिकला, मग नुसती लाज उरली.

अपघाताच्या दिवशी मुंबईहून मोठे साहेब पाहणीला येणार होते. मी प्लँटभर फिरत होतो. हँडलवरची ती कळकट चिंधी डोळ्यांना खुपली, म्हणून सोडून खिशात कोंबली. पाहुणे गेले की परत बांधू म्हटलं. पाहुणे जेवायला बसले, त्यांच्याबरोबर मीही बसलो, आणि तेवढ्यात पाळी बदलली. कैलासला उचलून नेत होते तेव्हा मी कपाटातून दुसरं फडकं काढून हँडलला बांधलं. सगळ्यांच्या सांगण्यावर संशय घेणाऱ्या माणसाला कोणी एकही प्रश्न विचारला नाही.

वृंदाच्या खर्ड्याचं शेवटचं पान मी ओढून घेतलं. तिच्या पेन्सिलीच्या प्रश्नाखाली पेनाने उत्तर लिहिलं. सही केली आणि तारीख घातली.

दुपारी पुन्हा कॅम्प चारला जाऊन ते पान आणि ती चिंधी कैलासच्या टेबलावर ठेवली.

"फडकं त्या दिवशी हँडलला नव्हतं. मी काढलं होतं. नंतर जे सगळ्यांनी पाहिलं, ते मी बांधलेलं दुसरं होतं."

त्याने चिंधी उचलली आणि जीन्स फिरवतो तशी डाव्या हाताने उलटीसुलटी केली. गाठीवरून अंगठा फिरवला. माझ्या शब्दावर त्याने विश्वास ठेवला नाही, हे मला आवडलं.

"ही नाथाची गाठ आहे," तो म्हणाला. "आमच्या आधीच्या पाळीतला. तो अशीच दुहेरी मारायचा." मग ते पान त्याने सावकाश, शब्द न् शब्द वाचलं, घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवलं.

"म्हणजे माझे डोळे बरे होते."

पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात 'साहेब' आलं नाही. मी माफी मागितली. ती त्याने दिली नाही.

सोनियाने सवयीप्रमाणे तपासलेली जीन्स घ्यायला हात पुढे केला. कैलासने आपला वाकडा हात त्या जीन्सवर ठेवला.

"राहू दे," तो म्हणाला. "बघितलीय मी."