मंगळावर सूर्य झालेला ट्रकचा दिवा

मित्रांनो, माझ्या अगदी समोर उभे राहू नका, डोळे दिपतील. जरा कडेला बसा, तिथून मी नीट दिसतो. ओळखलंत का? एका जुन्या ट्रकचा डाव्या बाजूचा गोल दिवा मी. कड गंजलेली, पाठीमागे वायरींचं शेपूट, रूप असं काही खास नाही. पण मी सूर्य झालेलो आहे! हसा, खुशाल हसा. तुमच्यापैकी कोण आजवर एखाद्या ग्रहावर उगवलंय, तेवढं मात्र सांगा.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याची खोलगट वाटी, तिला आतून आरशासारखा मुलामा, मधोमध बल्ब आणि पुढे जाड काच. तिथून मी आलो हितेशकाकांच्या ट्रकवर. काकांच्या घरी पूर्वी मिठागर होतं, मग मिठाची वाहतूक, मग नुसतीच वाहतूक. मी रेवसच्या खाडीकडची मिठाची पोती घेऊन घाट चढलो आहे. धुक्यात सगळा घाट दुधासारखा झाला की काका काचेला नाक लावून चालवायचे आणि वळण पार पडलं की म्हणायचे, "डोला हाय यो आपला, डोला!" त्यांनी आपला डोळा म्हटलं, की मी असा काही उजळायचो, की समोरचा म्हैसवाला शिव्या देत बाजूला व्हायचा.

पुढे तो ट्रक भंगारात गेला. काकांनी मला तेवढा काढून ठेवला. "ऱ्हाऊ दे, कदी लागल," असं म्हणून शेडमधल्या खिळ्याला लटकवला. नवीन ट्रकला बारीक, पांढरे, डोळे वटारलेले दिवे आले. माझ्यात पालीने अंडी घातली, काचेवर धुळीचा थर बसला. मित्रांनो, अंधाराची मला कधी भीती वाटली नव्हती, कारण अंधार हेच माझं काम. पण दिवसाढवळ्या कुणी आपल्याकडे बघत नाही, हे फार वाईट असतं बरं का.

आणि एके दिवशी कल्पिता शेडमध्ये घुसली.

कल्पिता ही काकांची पुतणी, नववीतली. ती बोलायला लागली की शब्द एकमेकांना धक्के मारत बाहेर पडतात. तिच्यासोबत भक्ती होती, तिच्याच बाकावरची. भक्तीचं उलट. ती आधी ओठ मिटून विचार करते आणि मग एकच वाक्य बोलते, पण ते बरोबर जाऊन बसतं.

"काका, हा दिवा न्यायचाय मला!"

"काय करतंस गो त्याचा?"

"मंगळावर लावायचाय."

काका टायरवर बसून चहा पीत होते. त्यांना ठसका लागला. "ने बाय, ने. तिकरं टोल न्हाय ना?"

झालं होतं असं, की विज्ञानाच्या सुचिताबाईंनी वर्गात तालुक्याच्या स्पर्धेचं सांगितलं होतं. स्पर्धेचं नाव 'उतरा पाहू!'. एका मोठ्या टेबलावर आयोजकांनी मंगळाची जमीन बनवलेली असणार, खड्डे, उंचवटे, दगडगोटे सगळं. पण चहूबाजूंनी पडदे. कुणी डोकावायचं नाही. आत उजेडासाठी दिवाही आपलाच न्यायचा. फक्त वरच्या दोरीवरून आपला मोबाईल सरकवायचा आणि त्याने वरून फोटो काढायचा. त्या फोटोचा एक मोठा कागद हातात मिळणार. तो बघून जागा ठरवायची, कागदावर झेंडी टोचायची, आणि बरोबर त्या जागी आपलं यान वरून सोडणार. यानाच्या पोटात यंत्रांऐवजी काचेची बांगडी. ती फुटली की यान फुटलं. दुसरी संधी नाही.

"खरंही असंच असतं," बाई म्हणाल्या होत्या. "मंगळावर आधी जाऊन पाय ठेवून बघता येत नाही. भोवती फिरणारी यानं वरून फोटो काढतात, माणसं इथे बसून ते वाचतात आणि जागा निवडतात. महिनोन्‌महिने चालतं ते. फोटो वाचायला चुकलं, की सगळ्यांच्या कष्टांचा चुरा."

आदल्या वर्षी त्यांच्या शाळेच्या यानाची बांगडी फुटली होती. तेव्हापासून मुख्याध्यापकांचं मत होतं, की असल्या खेळात वेळ घालवू नये. बाईंनी त्यांच्याकडून शेवटची एक परवानगी काढली होती. यंदा जमलं तर ठीक, नाहीतर स्पर्धा बंद. त्यामुळे या दोघींची रात्रीची झोपही त्या बांगडीतच अडकली होती म्हणा ना!

शेडचं दार लावून त्यांनी सराव सुरू केला. पत्र्यावर खाडीचा चिखल पसरला, बोटांनी खड्डे केले, खडी टाकली. आधी वरच्या ट्यूबलाईटच्या उजेडात फोटो काढला. बघतात तर काय, नुसती भाकरी! खड्डा कुठला, दगड कुठला, काही कळेना. मग कल्पिताने मला ओल्या फडक्याने पुसलं, पालीची टरफलं काढली, बॅटरीला जोडलं आणि जमिनीलगत, आडवा ठेवला.

अहाहा! किती दिवसांनी पेटलो मी! आणि माझ्या उजेडाने प्रत्येक खड्याच्या मागे लांब काळी सावली उभी केली. खडा चण्याएवढा, सावली बोटभर.

"बघ गं!" कल्पिता ओरडली. "आता लपून दाखवा म्हणावं!"

"म्हणजे संध्याकाळचा सूर्य पाहिजे," भक्ती म्हणाली. "दुपारचा नको."

अशा पोरी मी पाहिल्या नव्हत्या, मित्रांनो. मी ट्रकवर असताना लोक माझा उजेड वापरायचे. या दोघी माझ्या उजेडाची सावलीही वापरत होत्या.

स्पर्धा चौलच्या एका शाळेत होती. टेम्पोतून मला उतरवताना दुसऱ्या शाळेच्या हर्षदने पाहिलं. त्याच्या हातात चकचकीत स्टँडवाला, गोल, पांढरा लाईट होता.

"ए, बाकीचा ट्रक मागून येतोय का?"

"हो," कल्पिता म्हणाली, "तू बाजूला हो, हॉर्न खराब आहे."

मी खूश!

आमची पाळी आली. पडद्याच्या आत मला टेबलाच्या कडेला आडवा ठेवला. मी पेटलो आणि मला मंगळ दिसला. तांबडी माती, मोठमोठे गोल खड्डे, एक लांब चर, मधे एक बुटका, गुळगुळीत उंचवटा आणि पलीकडच्या कोपऱ्यात एक पसरट, उथळ, मोकळी जागा. वरून मोबाईल सरकत गेला. मी जीव ओतून जळलो. फोटोत एकेक खडा दिसला पाहिजे!

दिसलाही. मला उचलून बाहेर उघड्या खोक्यात ठेवलं, कागद हातात आला आणि कल्पिता नाचायलाच लागली. "काय क्लिअर आलाय! भक्ती, हे बघ, या मिठाच्या राशी!"

राशी? मी दचकलो. तिथे एकही रास नव्हती.

"ही रास, ही रास, ही पण. आणि हा लांब आहे ना, तो बांध. आणि मधे बघ, मिठाचा वाफा! थोडा खोलगट, गुळगुळीत. माझी आजी पायांनी चोपून असाच वाफा करायची. याच्याहून सपाट जमीन जगात नाही. इथेच उतरायचं!"

मित्रांनो, तुम्हाला कळलं का काय झालं ते? तिने कागद धरला होता तो असा, की माझी बाजू खाली आली होती. आपल्या डोळ्यांना सवय, उजेड नेहमी वरून येतो असं धरून चालायची. तो खालून आला, की खड्डा टेकडीसारखा दिसतो आणि टेकडी खड्ड्यासारखी. दुसऱ्या कुणाला नुसते फुगवटे दिसले असते. पण मिठागरावरच्या पोरीला त्यात आपलं मिठागर दिसलं. राशी, बांध, वाफा, सगळं घरचं! आपलं ओळखीचं दिसलं की माणूस शंका घेतच नाही.

तिचा तो वाफा म्हणजे तो गुळगुळीत उंचवटा होता. यान तिथे टेकलं, की घसरून सरळ शेजारच्या खड्ड्यात! आणि मला बोलता येत नव्हतं. उजेड पाडणाऱ्याला तोंड का दिलं नसेल हो?

झेंडी टोचली. कागद परीक्षकांच्या टेबलावर गेला. परीक्षक बाईंनी सांगितलं, "पडदा उघडेपर्यंत बदलता येईल. नंतर नाही." कल्पिताने ऐकलंसुद्धा नाही, ती यानाचे पाय तपासत होती. भक्ती मात्र टेबलाच्या पलीकडे, म्हणजे कागदाच्या उलट बाजूला उभी होती. ती बघत राहिली. ओठ मिटले. मान तिरकी केली, सरळ केली.

"कल्पे, इकडे ये."

"काय?"

"इथून तुझ्या राशी खड्डे झाल्यात."

"उलटा बघतेस तू. सरळ बाजूने बघ ना!"

"सरळ बाजू कुठली?"

मंगळाच्या फोटोला वर काय आणि खाली काय! कल्पिता भक्तीच्या बाजूला गेली. राशी पटकन आत दबल्या. परत आपल्या बाजूला आली, राशी फुगल्या. दोन्ही तितकंच खरं वाटत होतं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी खोक्यातून पाहत होतो.

"आता काय करायचं? बाई टॉस करू देतील का गं?"

"वेडी आहेस का? दिवा कुठून होता ते शोध."

आणि मग, मित्रांनो, त्या दोघींनी कागदात मला शोधलं! कागदाची एक कड जास्त उजेडाने पांढरी पडली होती. कल्पिताने ती आधी कागदाची मोकळी कड समजून सोडून दिली होती. ती माझी बाजू होती. माझ्यापासून लांब जावं तसा उजेड कमी होत गेलेला स्पष्ट दिसत होता. भक्तीने एका खड्याची सावली बोटाने दाखवली. ती त्या पांढऱ्या कडेपासून दूर पळत होती.

"म्हणजे उजेड इकडून," कल्पिता हळू आवाजात म्हणाली. "आणि या राशीची इकडचीच बाजू काळी. रास असती तर उजेडाकडची बाजू चमकली असती." तिने टोचलेल्या झेंडीकडे पाहिलं. "म्हणजे माझा वाफा टेकडी आहे."

आता सगळ्यांसमोर जाऊन चूक सांगायची होती. हर्षद तिथेच उभा होता.

"काय, मंगळावर रस्ता चुकला का?"

"हो, चुकला," कल्पिता म्हणाली. "चुकला हे कळलं तरी आम्हाला." आणि ती थेट परीक्षक बाईंपुढे गेली. "मॅडम, आम्ही खड्डे आणि टेकड्या उलट वाचल्या. झेंडी काढून इथे लावायची आहे." तिने बोट ठेवलं ते पलीकडच्या कोपऱ्यातल्या पसरट, उथळ जागेवर. तिथे खड्यांच्या सावल्या यानाच्या पायांपेक्षा आखूड होत्या, तेही तिने मोजून दाखवलं. परीक्षक बाईंनी झेंडी तिथे लावू दिली.

हर्षदने पांढरा लाईट वरून मारून काढलेला फोटो छान गोरागोमटा होता. सावली म्हणून नव्हती त्यात. त्याचं यान एका दगडावर टेकलं, कलंडलं आणि आतून खळ्ळ आवाज आला. कुणी हसलं नाही. कल्पितासुद्धा नाही.

मग आमचं. छत्रीच्या कापडाखाली झुलत ते खाली आलं. एक पाय टेकला, यान डुललं, मला वाटलं गेलं, आणि बाकीचे पाय टेकले. उभं! भक्तीने आत हात घातला, हिरवी बांगडी बाहेर काढली आणि दुसऱ्या हाताच्या नखाने टिचकी मारली. किणण्!

सुचिताबाईंनी तिथल्या तिथे मुख्याध्यापकांना फोन लावला. "सर, उतरलं. होय, होय, अख्खं. पुढच्या वर्षी आता दोन संघ पाठवू." त्यांना हसू आवरत नव्हतं. आमचा नंबर दुसरा आला. पहिल्या संघाचं यान टेकताना डुललंसुद्धा नव्हतं, मग ते बरोबरच आहे.

मित्रांनो, आता माझं एवढंच म्हणणं आहे. जुन्या वस्तू भंगारात टाकायच्या आधी एकदा आडव्या ठेवून, पेटवून, फिरवून बघा. त्यांचं खरं काम अजून कुणी त्यांना दिलेलंच नसेल कदाचित. आणि एखादी गोष्ट तुम्हाला अगदी पक्की, घरच्यासारखी ओळखीची दिसली, तर थोडं थांबा. टेबलाच्या पलीकडे उभ्या असलेल्या मैत्रिणीला विचारा, तुला काय दिसतंय? ती वेगळं सांगेल. रागावू नका. दोघी मिळून उजेड कुठून येतोय ते शोधा.

बाकी माझी काच तेवढी अधूनमधून पुसत जा. मंगळ असो की वडखळ नाका, समोर आहे तसं दाखवणं एवढंच मला येतं. वाचायचं तुम्हाला आहे.