अण्णांच्या नावाचा कप्पा

"अण्णांचं नाव आजच्या आज काढ अन् तात्यांचं घाल," असं ऑफिसातल्या फलक नावाच्या पोरीला फर्मावून आमच्या मालकानं, अंगदशेठनं, पेढ्यांचा बोकाणा भरला. दूध संघाच्या निवडणुकीत सहादेवअण्णा पडले होते आणि पुंजारामतात्या चेअरमन झाले होते. आदल्या दिवशीपर्यंत अण्णांच्या पाया पडणारा आमचा शेठ गुलाल खाली बसायच्या आत फिरला.

संगमनेरात आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. गावोगावच्या डेऱ्यांत दूध मोजायचे, त्यातलं फॅट नोंदवायचे प्रोग्रॅम आम्ही करतो. त्या सगळ्यांना लागणारा सामाईक कोड, म्हणजे लायब्ररी, फलकनं एकटीनं उभी केली. अशा कोडच्या कप्प्याला जे नाव देतात, त्याला नेमस्पेस म्हणतात. आधी संस्थेचं नाव, मग कामाचं, माणसाचं कधीच नाही, हा धंद्यातला साधा नियम. कारण प्रत्येक डेरीचा प्रोग्रॅम त्या नावानंच कोडला हाक मारतो. पण आमच्याकडे शाळेपासून मुतारीपर्यंत सगळ्याला पुढाऱ्याचं नाव लागतं, तिथं कोड कसा सुटेल? शेठनं नाव ठेवायला लावलं, 'सहादेवअण्णा डॉट दूध डॉट फॅट'. कॉम्प्युटरच्या पोटात, जिथं खुद्द अण्णाही कधी डोकावणार नव्हते, तिथंसुद्धा चमचेगिरी!

फलकनं समजावून पाहिलं. जुनं नाव राहू द्या, शेजारी नवं ठेवू, एकेक डेरी सवडीनं तिकडं नेऊ. शेठ म्हणाले, हरलेल्याचं नाव मला घरात नको. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला गडी मग स्वतःच कीबोर्डवर बसला, एका फटक्यात नाव बदललं आणि नवा कोड सगळ्या डेऱ्यांना धाडून दिला.

सकाळी बेलापूरपासून राहात्यापर्यंत डेऱ्यांचे प्रोग्रॅम अण्णांना शोधत बंद पडले. लोक किटल्या घेऊन ताटकळले, कितीकांचं दूध नासलं. तात्यांचा फोन आला तेव्हा शेठचं तोंड एवढंसं झालं. फोनवर हात दाबून ते फलकला म्हणाले, "चूक माझ्याकडून झाली, एवढं बोल. नोकरी राहील. न्हाई तर घरचा रस्ता धर." तिच्या पगारावर घर चालतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मला किळस आली शेठची.

फलकनं फोन घेतला. "तात्या, नाव शेठनी बदललं. मी नको म्हणाले होते. संध्याकाळच्या दुधाला प्रोग्रॅम चालू असेल."

मग तिनं बसून तो चालू केला, जेवणाचा डबा पिशवीत टाकला आणि गेली. शेठ तोवर केबिनमध्ये दार लावून बसले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. "मोनिका, त्या पोरीचं नाव कोडात जिथं जिथं असंल, तिथून काढून टाक."

मी दिवसभर शोधलं. सगळं तिनंच लिहिलेलं होतं. तिचं नाव कुठंच नव्हतं.