सतरावं कलम

जानकाबाईचा राग महाळुंगे पडवळमध्ये सगळ्यांना ठाऊक होता. मतदारयादीत नाव चुकीचं छापलं म्हणून ती एकदा भर ग्रामसभेत ती यादी फाडायला निघाली होती. भाऊ जयवंत म्हणायचा, "आमच्या बाईला चूल लागत न्हाई. डोक्यावर तवा ठेवला तरी भाकरी भाजंल." पण त्या दिवशी कॉलेजच्या गेटवर तिला जो राग आला तो तिला स्वतःलाही नवा होता. त्यातला निम्मा तिच्यावरच उलटलेला होता.

जानकाबाई जयवंताची थोरली बहीण, साठी ओलांडलेली. नवरा वारला तेव्हा दिरांनी वारस नोंदीचा कागद म्हणून तिचा अंगठा घेतला. कागदात काय लिहिलंय ते तिला वाचता येत नव्हतं. वर्षभराने कळलं की जमिनीवरून तिचं नाव गेलं. ती रिकाम्या हाताने माहेरी आली ती कायमची. पुढे विहारात संध्याकाळी प्रौढांचे वर्ग सुरू झाले. तेव्हा ती चाळिशीची होती आणि पहिल्या ओळीत जाऊन बसली. बाराखडीला सहा महिने गेले, सहीला वर्ष. त्यानंतर तिने एकाही कागदावर अंगठा दिला नाही. रेशनच्या दुकानात यंत्रावर बोट ठेवावं लागतं म्हणून ती तिकडे फिरकतही नाही, जयवंताला पाठवते. सही करायला तिला वेळ लागतो. मागची माणसं चुळबुळ करतात. करू देत, ती म्हणते.

वाचायलाही वेळ लागतो, पण छापलेलं काही हाती आलं की ती शेवटच्या ओळीपर्यंत सोडत नाही. खताच्या गोणीवरच्या सूचना, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, लग्नपत्रिकेतली सगळ्या मामांची नावं.

जयवंताची मुलगी तेजस्विनी यंदा बारावीला होती. विद्यापीठाची एक शिष्यवृत्ती होती. परीक्षेत पहिल्या शंभरात नाव आलं की पदवीची तिन्ही वर्षं फी, वसतिगृह, जेवण, सगळं विद्यापीठ करणार. बारावीच्या वर्षीच बसता येत होतं, पुन्हा नाही. पोरीला भौतिकशास्त्र शिकायचं होतं. जयवंत काही वाईट माणूस नव्हता, पण त्याने साफ सांगून टाकलं होतं, "लागली तर पुण्याला जा, मी अडवनार न्हाई. न्हाई लागली तर कळंबला भाजीच्या शेडमधी कामाला लाग. दोन वर्षांनी लग्नाचं बघू."

पोरीला क्लास नव्हता. मोबाईलवर जुने पेपर काढायचे आणि सोडवायचे, एवढंच. नव्वद प्रश्न, नव्वद मिनिटं. जानकाबाई समोर घड्याळ घेऊन बसायची. प्रश्न तिला कळत नव्हते, पण मिनिट म्हणजे काय ते त्या वर्षात तिला चांगलंच कळलं. "उठू नगं, अजून अकरा हायेत," असं ती पाणी प्यायला निघालेल्या पोरीला दटावायची.

परीक्षा आली ती नेमकी टोमॅटोच्या तोडणीत. मजूर मिळेनात. दोन दिवस तेजस्विनी वावरात होती. टोमॅटोच्या झाडाचा हिरवा चिकटा हाताला बसतो आणि वाळला की काळा पडतो. साबणाला दाद देत नाही.

"असल्या हातानं जाती व्हय पुन्या-मुंबईच्या पोरींच्यात बसायला?" आदल्या दिवशी ऊन उतरल्यावर जानकाबाईने तिला मोरीवर ओढलं.

"आत्या, पेपर कॉम्प्युटरवर हाय. हात कोन बघतंय?"

"मी बघती ना."

आधी पिकलेला टोमॅटो कुस्करून चोळला. तोडणीवाल्या बाया असेच हात धुतात. थोडं निघालं. मग लिंबू. मग जानकाबाईने टाचा घासायची वजरी घेतली आणि एकेक बोट धरून घासलं.

"चुरचुरतंय गं."

"चुरचुरू दे. निघतंय."

बोटांची टोकं तान्ह्या बाळासारखी गुलाबी झाली. जानकाबाईने ती उजेडात धरून बघितली आणि तिला समाधान वाटलं.

सकाळी तेजस्विनीच्या मोठ्या भावाने, कपिलने, पिकअपमध्ये टोमॅटोचे क्रेट भरले. तो माल घेऊन नारायणगावला निघालाच होता. वाटेत त्याने दोघींना परीक्षेच्या कॉलेजपाशी उतरवलं. हायवेपासून आत, टेकडीच्या पायथ्याला बांधलेलं ते नवं कॉलेज होतं. साडेआठला गेट बंद होणार आणि नऊला पेपर सुरू होणार होता. या दोघी साडेसातलाच रांगेत होत्या. पालकांना दोरीच्या अलीकडे थांबवलं होतं. जानकाबाई दोरी पोटाला लावून उभी राहिली.

रांग पुढे सरकत होती. टेबलावर एक छोटं यंत्र होतं आणि त्यामागे गळ्यात ओळखपत्राचा पट्टा घातलेला एक पोरगा बसला होता. बोट ठेवलं की हिरवा दिवा लागायचा आणि मूल आत जायचं. आठला तेजस्विनीची पाळी आली. दिवा लाल लागला.

"दाबून ठेवा, ताई."

लाल.

"हात पुसा. दुसरं बोट. त्याच्या पुढचं."

दहाही बोटं झाली. पोऱ्याने तिचा पंजा उलटा करून मोबाईलचा उजेड पाडला. "फॉर्म भरताना दिलेले ठसे जुळत नाहीत. जुळणार कसे, ठसेच नाहीत राव! काय केलंय हाताला? ॲसिड-बिसिड लावलं का?"

रांगेतली पोरं हसली.

"टोमॅटो," तेजस्विनी म्हणाली. आणखी काय सांगावं ते तिला सुचेना.

दोरीमागे जानकाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वजरी. कुणी सांगायच्या आधी तिला ते कळलं होतं. तिने दोरी उचलली आणि आत शिरली.

"ओ मावशी, पालकांनी बाहेर!"

"माझी पोरगी हाय ती. काय झालं ते मला सांगा."

मागून केंद्रप्रमुख आले. पन्नाशीचे, खिशाला दोन पेनं, हातात याद्या. त्यांनी लाल दिवा बघितला आणि पोरीकडे न बघताच बोलले, "ठसे जुळल्याशिवाय आत सोडता येत नाही. बाजूला व्हा, रांग अडते."

"तिच्याकडं कार्ड हाय. फोटो हाय. तोंड तर हाय ना तिला? तोंड बघा तुमी!"

"मावशी, तोंडावर चालत नाही. नियम आहे."

"कुठला नियम?"

"तुम्हाला सांगून काय कळणार?"

हे वाक्य ते बोलले नसते तर कदाचित जानकाबाई रडली असती. डोळे भरायलाच आले होते. पण ते बोलले, आणि तिचं डोकं लख्ख झालं.

परीक्षेच्या सूचनांचे चार कागद कळंबच्या सायबर कॅफेतून काढून आणले होते. तेजस्विनीने वरचं पान बघून ते बाजूला टाकले होते. जानकाबाईने ते चारही कागद अकरा दिवस वाचले होते, ओळीखाली बोट धरून. ते आता तिच्या पिशवीत, भाकरीच्या फडक्याखाली होते.

"सतरावं कलम काढा," ती म्हणाली.

"काय?"

"सतरावं. तिसऱ्या पानावर, खालच्या बाजूला." तिने कागद टेबलावर आपटला आणि बोट ठेवलं. "ठसे न्हाई उमटले तर पोराला परत धाडायचं न्हाई, असं लिवलंय. हमीपत्र घ्यायचं आन् आत सोडायचं. वाचा. तुमाला तर भरभर येत असंल."

केंद्रप्रमुखांनी वाचलं. परत वाचलं. मानेवरून हात फिरवला. "हो... तशी तरतूद आहे खरी."

"तुमाला म्हाईत न्हवती?"

"रोज इतके कागद येतात, मावशी."

"आमाला येकच आला. म्हनून वाचला."

यंत्रावरचा पोऱ्या खाली मान घालून हसला. आता धावपळ सुरू झाली. हमीपत्राचा नमुना कुणाच्या तरी मेलमध्ये होता. प्रिंटर ऑफिसात होता आणि ऑफिसाची किल्ली शिपायाकडे. शिपाई चहाला गेलेला. जानकाबाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. आठ दहा. आठ सतरा. आठ बावीस. वर्षभर तिने जपलेली मिनिटं ही माणसं अशी सांडत होती, आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

कागद आला तेव्हा आठ सत्तावीस झाले होते. तेजस्विनीने सही केली. पोऱ्याने तिचा फोटो काढला.

"वय सतरा? मग पालकाचीही लागेल," असं म्हणत केंद्रप्रमुखांनी याद्यांवरून मान वर न करता शाईचं पॅड जानकाबाईपुढे सरकवलं. "लावा इथं."

"मला सही येती."

"येत असेल, येत असेल. पटकन करा."

तिने पेन घेतलं. कागद सरळ केला. 'जा' झाला. 'न' झाला. 'का'चा काना काढताना पेन घसरलं. तेवढ्यात घंटा झाली. वॉचमनने गेटची एक फळी ओढून घेतली.

"अहो मावशी, गेट लागलं की सिस्टीम बंद होते! मग मी पण काही करू शकत नाही. लावा ना तो अंगठा, काय फरक पडतो?"

"आत्या," तेजस्विनी म्हणाली. एवढंच. तिचा एक पाय गेटकडे वळलेला होता.

जानकाबाईने पेन ठेवलं. पॅडवर अंगठा दाबला आणि अर्ध्या नावाच्या शेजारी उमटवला. इतका जोरात, की टेबल हललं.

पोरगी पळाली. दुसरी फळी तिच्या पाठीला घासून बंद झाली.

नंतर जानकाबाई बाहेर कठड्यावर बसली. अंगठा पदराला पुसला, मातीला पुसला. निळा डाग हलेना. तिला यंत्राचा राग आला, पण यंत्र काय, ते सांगितलं तेवढंच करतं. केंद्रप्रमुखाचा आला. दिरांचा आला, जे आता जिवंतही नव्हते. आणि फिरून फिरून स्वतःचा आला. पोरीचे हात घाण कधी होते? कामाचे होते. कुणी हसू नये म्हणून आपणच ते घासले. म्हणजे हसणाऱ्यांच्या आधी लाज आपल्यालाच वाटली होती.

साडेनऊच्या सुमारास केंद्रप्रमुख कागदी कप घेऊन आले. "घ्या मावशी चहा. झालं ना तुमचं काम?"

"त्यो कागद आना. माझी सही अर्धी ऱ्हायलीय."

ते हसले. "तो गेला स्कॅन होऊन वर. आता अंगठा काय अन् सही काय, सारखंच."

"तुमाला सारखं असंल."

चहा कठड्यावरच निवला.

पेपर सुटला. तेजस्विनी बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा ओढलेला होता. कपिलही माल उतरवून आला होता आणि गेटबाहेर गाडी चालू ठेवून हॉर्न देत होता.

"बरा गेला," ती म्हणाली. "शेवटचे चार ऱ्हायले. माउस धरला की बोटं चुरचुरायची."

"माझ्यामुळं."

"हां, तुझ्यामुळंच." पोरगी फणकाऱ्याने बोलली, आणि जानकाबाईला ते बरं वाटलं. खोटं गोड बोलली असती तर सहन झालं नसतं. दोन पावलं चालून तेजस्विनी थांबली. "आत्या, माझ्या शेजारची खुर्ची मोकळी व्हती. कॉम्प्युटरवर नाव व्हतं, समृद्धी म्हनून. फोटो पन व्हता. आतल्या दोन मॅडम बोलत व्हत्या. तळेघरकडची पोरगी, सातलाच आली व्हती. तिचे बी ठसे न्हाई आले. तिला सांगितलं, जा. ती गेली बापाबरोबर."

"काय बोलली न्हाई?"

"काय बोलंल? तिला कुठं म्हाईत व्हतं?"

डोंगरातल्या तळेघरहून इथं सातला पोचायचं म्हणजे ते दोघं आदल्या दिवशीच घरातून निघाले असणार. भातलावणीचे, नाचणी कांडायचे हात. त्या पोरीने तर वजरीही लावली नसेल. जानकाबाईने मागे वळून गेटकडे बघितलं. कपिलने गाडीतून बघितलं आणि हॉर्न बंद केला. ती गप्प झाली की घरातले सगळे सावध होतात.

पुढच्या पाळीची रांग लागायला लागली होती. डोंगरातली पोरं होती, वाड्यावस्त्यांवरची होती. कुणाच्या हातावर चुना, कुणाच्या हातावर कांद्याचे काळे डाग. टेबलामागे तोच पोऱ्या यंत्र पुसत होता.

जानकाबाईने पिशवीतून तिसरं पान काढलं, दोरीपाशी जाऊन उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "ए पोरांनो, हिकडं ध्यान द्या. कलम सतरा."

केंद्रप्रमुख धावत आले. "मावशी, तुमच्या पोरीचं झालं ना? आता हे कशाला?"

"माझ्या पोरीचं झालं. ह्यांचं व्हायचंय."

आणि तिने वाचायला घेतलं, शब्दाखाली बोट धरून. "उमेदवाराच्या... बोटांचे ठसे... यंत्रावर न उमटल्यास... अथवा न जुळल्यास..."

"आजी, स्पीड वाढवा की," रांगेतून एक जण ओरडला. दोघांनी मोबाईल वर धरले.

"माझा स्पीड ह्योच हाय. तुला घाई असंल तर वाच तू." तिने बोट पुढे सरकवलं. "...केंद्रप्रमुखाने हमीपत्र घेऊन... परीक्षेस बसू द्यावे. केवळ या कारणास्तव... प्रवेश... नाकारता येणार नाही."

रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या एका बापाने आपल्या मुलाचा हात हातात घेऊन तळवा निरखून पाहिला.

"ठसे न्हाई आले तर घरी जायचं न्हाई," जानकाबाई म्हणाली. "हितंच उभं ऱ्हायचं आन् सतरावं कलम म्हनायचं. कळलं का?"

"वॉचमन, यांना बाहेर घ्या," केंद्रप्रमुख म्हणाले. वॉचमन दोन पावलं आला, जानकाबाईच्या तोंडाकडे बघितलं आणि तिथंच थांबला. तेजस्विनी येऊन आत्याच्या शेजारी उभी राहिली. हाताची घडी घालून, गुलाबी बोटं काखेत दाबून.

फाट्यावरून आणखी पाच-सहा पोरं चालत आली आणि रांगेला लागली. जानकाबाईने कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला आणि पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं.