नववं फूल

मी दोनकाबाईंची फुलदाणी. हळूच बोलते, कारण मोठा आवाज मला सोसत नाही. दार आपटलं की अजूनही वाटतं, आता आपली पाळी. भट्टीत शेजारचा चंबू फाटकन तडकला, तेव्हापासूनची ही खोड.

त्रोयान गावच्या कुंभारानं मला घडवलं, अंगावर तपकिरी-पिवळ्या रंगाचे ओघळ सोडले. गोर्ना लेस्का गावच्या अकरा मुलांनी मिळून मला विकत घेतलं आणि मे महिन्यात, अक्षरांच्या दिवशी, म्हणजे आमच्या लिपीच्या सणाला, आपल्या मास्तरीणबाईंना भेट दिलं. प्रत्येकानं अंगणातलं एकेक लाल फूल आणलं होतं. दोनकाबाईंनी आधी ती मोजली.

"अकरा. छान."

आमच्याकडे जिवंत माणसाला विषम फुलं देतात. सम फुलं थडग्यावर. हे कुणी शिकवत नाही, बोटंच मोजतात.

बाईंचे यजमान वेलिन जमिनीची मोजणी करायचे आणि बोलायचे फार सुरेख. बोलता बोलता ते राष्ट्राध्यक्ष झाले. राजधानीला जाताना बाईंनी मला जाड स्वेटरमध्ये गुंडाळून मांडीवर घेतलं. प्रत्येक खड्ड्याला मी जीव मुठीत धरला होता.

तिथे 'बाई' म्हणणारं कुणी नव्हतं, सगळे 'मॅडम' म्हणत आणि वेलिनना 'साहेब'. फिती कापायच्या, इस्पितळात आजाऱ्यांचे हात हातात घ्यायचे, साहेबांच्या अर्धं पाऊल मागे उभं राहून हसायचं. गुच्छ धरून धरून बाईंचे दंड भरून येत. तरी प्रत्येक गुच्छ त्या गुपचूप मोजत.

समारंभांची व्यवस्था कार्पुझोव नावाचे गृहस्थ पाहत. एकदा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मॅडम, परदेशी पाहुणे येणार. ही जरा गावठी दिसते."

"मीही दिसते की. मला कुठे ठेवणार आहात?"

ते हसले नाहीत. मी मात्र मेजवानीच्या दालनातल्या कपाटात गेले आणि माझ्या जागी काचेची झगझगीत फुलदाणी आली. तीन वर्षं मी अंधारात नुसती ऐकत होते.

मग एके सकाळी त्याच दालनात नाश्ता चालला असताना बाईंचा आवाज आला.

"वेलिन, आमची शाळा बंद करतायत. गावातून पत्र आलंय."

"हा मंत्र्यांचा विषय आहे, दोनका. तू तोंड उघडलंस की लोक म्हणतील, राज्य बायको चालवते."

"राज्य नको मला. आठ मुलं आहेत. ती डोंगर उतरून कशी जाणार?"

"नको म्हटलं ना. टोमॅटोवर मीठ घालू का तुझ्या?"

बशी पुढे सरकवल्याचा आवाज आला. असं निमूट ऐकून घेणं बाई राजधानीतच शिकल्या होत्या.

त्याच वर्षी मे महिन्यात, अक्षरांच्या दिवशी, गावची मुलं भेटायला आली. कपाटाच्या दाराला त्या दिवशी फट राहिली होती, तिच्यातून मला दिसले वर्तमानपत्रवाले, मंत्री, साहेब. मिल्का नावाच्या दहा वर्षांच्या मुलीनं गुच्छ पुढे केला. बाईंनी सवयीनं मोजला आणि हात तिथेच थांबला. आठ.

कार्पुझोव पुटपुटले, "मोजण्यात चूक झालीय, मॅडम. एक काढून घेतो."

"चूक नाही," मिल्का म्हणाली. "मुद्दाम आठ आणलीत. शाळेसाठी. आजी म्हणाली, मेलेल्याकडे रिकाम्या हातानं जाऊ नये."

कॅमेरे थांबले. साहेब स्वतःच्या बुटांकडे पाहत राहिले.

तेवढ्यात कपाट उघडलं. बाईंनी मला बाहेर काढलं. घाईत माझा काठ दाराला लागला आणि मला वाटलं, संपले मी. त्यांनी माझ्यात आठ फुलं ठेवली. मग त्या झगझगीत फुलदाणीतलं एक उपसून माझ्यात खोचलं.

"हे नववं माझं. शाळा अजून मेलेली नाही, मिल्का." आणि वर्तमानपत्रवाल्यांकडे वळून, "लिहून घ्या."

पाहुणे गेल्यावर साहेब म्हणाले, "मला आधी सांगायचंस."

"सांगितलं होतं. तुम्ही मीठ घालत होतात."

काही वर्तमानपत्रांनी 'बाईसाहेबांचा कारभार' म्हणून टवाळी केली. मंत्री धुसफुसले. पण शाळा राहिली. साहेब आठवडाभर बोलले नाहीत. मग एके सकाळी माझ्यातलं पाणी त्यांनी स्वतः बदललं. निम्मं मेजावर सांडलं. त्या सकाळची आठवण आली की आजही मला बरं वाटतं.

पदाची मुदत संपली. पुढे साहेब वारले. बाई मला घेऊन गावी परतल्या आणि मला शाळेच्या खिडकीत ठेवून म्हणाल्या, "आता इथेच राहा." दर अक्षरांच्या दिवशी काठी टेकत यायच्या, आधी फुलं मोजायच्या, मग मुलांची चौकशी करायच्या.

या जानेवारीत बाई गेल्या.

काल अक्षरांचा दिवस होता. मिल्का आता इथली मास्तरीण आहे. मुलं तीन उरलीत, बाकीच्यांचे आईबाप कामासाठी परदेशी गेले. तीन मुलं, तीन फुलं. मिल्कानं ती पुन्हा पुन्हा मोजली.

"बाई, दोन दोनकाआजीला देऊ," सगळ्यात धाकटी म्हणाली.

"आणि शाळेला?"

"शाळेला एक पुरतं की."

दोन फुलं टेकडीवरच्या थडग्यावर गेली. एक माझ्यात आहे. माझा काठ एका जागी उडालाय, पण पाणी धरते मी अजून. हे सुकल्यावर तुम्ही कधी इकडे आलात तर एक फूल आणा, एकच. आणि दार तेवढं हळू लावा.