भट्टीतली भेग

जानेवारी लागला आणि हिल्माच्या नाकाचा घोळणा वरचेवर फुटायला लागला. उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे डाग, ओठांची सालं निघालेली. वर रोज सकाळी डोकं धरून बसायची.

"हवा नुसती कोरडी ठणठणीत झालीय," तिचा मुलगा रेनो म्हणाला. "तळघरातल्या भट्टीवर ह्युमिडिफायर बसवतो. गरम हवेबरोबर घरभर ओलावा जाईल."

"तू बसवणार?" म्हातारी हसली. "मागं नळ बसवलास, तर आठवडाभर बादलीनं अंघोळ केली मी!"

"आई, खाणीतले डोंगराएवढे ट्रक दुरुस्त केलेत मी तीस वर्षं."

"ट्रकात मी झोपत नव्हते ना."

बायको गेल्यापासून घरात हे मायलेक दोघंच. डोकं त्याचंही दुखायचं, पण तळ्यावर बर्फात मासे धरायला गेला की थांबायचं. मोकळ्या हवेचा गुण, असं तो म्हणे.

मंगळवारी दुपारी जेवून हिल्मा आडवी झाली आणि रेनो तळघरात उतरला. बाहेर शून्याखाली पंचवीस अंश. त्यानं घर तापवणारी भट्टी बंद केली. तिच्या डोक्यावरच्या पत्र्याच्या पेटीवर, जिथून गरम हवा वर जाते, चौकोन आखला आणि पत्रा कापून काढला. भोकातून सहज आत बॅटरीचा झोत टाकला.

खाली लोखंडी कप्पे दिसले. त्यांच्या आत जाळ पेटतो, बाहेरून हवा तापत जाते. जाळ आणि हवा कधी एकत्र यायची नाही, असा हिशेब. मधल्या कप्प्यावर वीतभर काळी रेघ होती. काजळी असेल म्हणून त्यानं लांब स्क्रूड्रायव्हर घालून खरवडली. टोक आत गेलं.



खात्री करायला त्यानं भट्टी चालू केली आणि खालच्या खिडकीशी डोळा लावला. निळ्या ज्वाळा सरळ उभ्या राहिल्या. मग पंखा सुरू झाला, आणि मधली ज्वाळा पिवळी होऊन वेडीवाकडी फडफडू लागली. पंख्याची हवा भेगेतून आत येत होती. म्हणजे त्याच भेगेतून जाळाचा विषारी वायूही हवेत मिसळून घरात जात होता. त्याला ना रंग, ना वास. आणि त्याची सूचना देणारं यंत्र सारखं किटकिटतं म्हणून रेनोनंच संपत आलेल्या बॅटरीसकट भिंतीवरून काढून ठेवलं होतं.

डोकेदुखी कोरड्या हवेची नव्हतीच.

त्यानं भट्टीचं बटण खाली ओढलं. "आई!"

वरून आवाज आला नाही. तिची खोली बरोबर भट्टीच्या डोक्यावर.

"आई, ओ दे गं!"

तो दोन-दोन पायऱ्या टाकत जिना चढला. हिल्मा कुशीवर पडलेली, गाल लालबुंद, तोंड उघडं. त्यानं गदागदा हलवलं. मान भलतीकडेच कलली. खिडकी बर्फानं चिकटलेली. त्यानं खुर्चीनं काच फोडली, तिला रजईत गुंडाळून उचललं आणि अनवाणीच बाहेर धावला.

समोरचा ड्वेन फावड्यानं बर्फ काढत होता. "अरे, काय झालं?"

"वायू! घरात वायू भरलाय! रुग्णवाहिका बोलाव!"

त्यानं तिला ड्वेनच्या ओसरीवर ठेवलं. थंडीनं श्वास नाकात गोठत होता, तरी तो तिचे गाल थोपटत राहिला. किती वेळ गेला, त्याला कळलं नाही. मग हिल्मा कण्हली, ओकली, आणि पुटपुटली, "थंडी... दार लाव ना रे."

इस्पितळात तिला दोन दिवस प्राणवायूवर ठेवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एखादी रात्र आणखी गेली असती, तर दोघंही सकाळी उठला नसतात."

नवी भट्टी आली. मिस्त्रीनं बसवली, प्रत्येक खोलीत सूचनेचं यंत्र लागलं. हिल्मा सावरली, फक्त कधीकधी शब्द विसरते, आणि त्याचा राग रेनोवर काढते. तो ऐकून घेतो. भट्टीचा पंखा सुरू झाला की मात्र हातातलं काम टाकून तो तिच्या खोलीत जातो. ती झोपलेली असली तर नाकाशी तळवा धरतो, आणि श्वासाची ऊब लागेपर्यंत काढत नाही.